ताप येण्याआधीची निळाई

माझी मावशी हॉस्पिटलात टाके घालायची. असं सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे आणि मग मला पुढचं सांगावं लागायचं, की माणसांना नव्हे, कपड्यांना. तळघरात, धुलाईच्या मोठ्या यंत्रांच्या शेजारी तिची शिवणखोली होती. ऑपरेशनच्या गाऊनच्या तुटलेल्या नाड्या, उसवलेल्या उश्या, कोपऱ्यात विरलेल्या चादरी, डॉक्टरांच्या कोटांचे लोंबणारे खिसे, सगळं तिच्याकडे यायचं. डोक्यावरून वाफेचे पाइप गेलेले, त्यामुळे खोली बारा महिने उबदार. एक म्हातारे सर्जन जिन्यात भेटले की म्हणायचे, "या इमारतीत सरळ टाका घालणारे आपण दोघंच उरलोय." मावशी लगेच म्हणायची, "तुमचा उसवला तर जीव जातो, डॉक्टर. माझा उसवला तर नुसती लाज जाते."

ती कधी आजारी पडायची नाही. म्हणजे तिचं म्हणणं तसं होतं. आजारपण हा तिच्या मते रिकाम्या लोकांचा उद्योग. कोणी शिंकलं की "उन्हात बस जरा," एवढाच तिचा सल्ला.

काकांचं उलट होतं. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, गाडी चालवायला शिकवायचे. निम्म्या गावाला गाडी मागे घ्यायला त्यांनीच शिकवलेलं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा आणि त्याची सवय अशी जडली होती की घरी टीव्हीवर कोणी जोरात गाडी हाकली तरी सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा पाय दाबला जायचा. मावशीचा आवाज चढला तरी दाबला जायचा. पण त्या ब्रेकचा कधी काही उपयोग झाल्याचं मला आठवत नाही.

चांगले धडधाकट होते. मग त्यांच्या दोन्ही किडन्या हळूहळू काम सोडत गेल्या. कित्येक वर्षं आठवड्यातून तीनदा मशीनला लागून पडणं, पाणीसुद्धा मोजून मापून पिणं, असं चाललं. शेवटी त्यांच्या बहिणीने आपली एक किडनी दिली आणि काका पुन्हा उभे राहिले. मात्र गोळ्या कायमच्या मागे लागल्या. अंगाला परकी किडनी चालत नाही, ते तिच्यावर तुटून पडतं. म्हणून अंगातली राखण गोळ्या देऊन झोपवून ठेवायची. आणि राखण झोपलेली असली की बाहेरचा कुठलाही फालतू विषाणू बिनदिक्कत आत.

हे मावशीला समजावून सांगितलं होतं, पण पटलं ते पहिल्याच थंडीत. तिला दोनचार शिंका आल्या, नाक जरा वाहिलं, ती कामावर जात राहिली. तिचं ते पडसं काकांना लागलं. त्यांच्या छातीत पाणी झालं, नाकाला नळ्या लागल्या, आणि मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांना 'ये' म्हणायलासुद्धा दम पुरत नव्हता. त्यातून ते वाचले. तेव्हापासून मावशी घरी आली की दारातच कपडे बदलायची आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, थेट सर्जनसारखे.

खिसेवाली डॉक्टर तिला भेटली ती यानंतर. हे नाव मावशीचंच. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती काम करायची आणि कोटाच्या खिशात इतक्या वस्तू कोंबायची की महिन्या दोन महिन्यांनी खिसा सुटून हातात यायचा. खिसा शिवून घेताना ती स्टुलावर बसून गप्पा मारायची. अशीच एकदा म्हणाली, "मावशी, तुमच्या घरी कुणाची तब्येत नाजूक आहे का हो?"

मावशीने काकांचं सांगितलं.

"मग तुम्ही आमच्या अभ्यासात याल का? एक दिवसाआड कामावर आल्या आल्या बोटाला टोचून थोडं रक्त द्यायचं. काकांचंही अधूनमधून."

"आणि त्यातून काय काढणार?"

"विषाणू अंगात शिरला की ताप यायला वेळ लागतो. पण अंगाला तो आलेला आधीच कळतो. त्याला अडवायला अंग काही प्रथिनं बनवायला लागतं आणि ती रक्तात वाढतात. ती मोजली तर माणूस आजारी पडायच्या आधीच सांगता येईल का, ते बघतोय."

"येईल का, म्हणजे? तुम्हालाच अजून माहीत नाही?"

"नाही ना. माहीत असतं तर कशाला टोचत बसलो असतो?"

मावशीला हे उत्तर फार आवडलं. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढली, पण 'मला माहीत नाही' असं म्हणणारे तिने फारसे ऐकले नव्हते. ती तिथल्या तिथे हो म्हणाली. मला मात्र तिने नंतर सांगितलं, "बघू दे बिचारीला. माझ्या रक्तात काय सापडायचंय?"

आणि महिनोन् महिने काही सापडलं नाही. मावशी सकाळी वर जायची, बोट पुढे करायची, सुई कशी धरावी यावर तिथल्या मुलींना दोन शब्द ऐकवायची आणि खाली येऊन शिवणाच्या मशीनला बसायची.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं तळ्यावर जाणार होतो. काकांना किडनीच्या डॉक्टरांनी पुन्हा गाडीत बसायची परवानगी दिली होती. मला गाडी शिकायची होती, काका शिकवणार होते, आणि मावशी मागच्या सीटवर बसून आम्हा दोघांना सूचना देणार होती. काकांनी सकाळीच बुटांना पॉलिश करून ठेवलं होतं. बाहेर चांगलीच थंडी, त्यामुळे गाडीच्या काचा बंद राहणार, हीटर चालू राहणार.

मी मावशीला घ्यायला शिवणखोलीत गेले. ती शेवटचा गाऊन हातावेगळा करत होती, गुणगुणत होती. मी बसते न बसते तोच खिसेवाली डॉक्टर आत आली. जिने धावत उतरल्यामुळे तिला धाप लागली होती.

"मावशी, आज घरी जाऊ नका."

मावशीने पाय मशीनच्या पट्टीवरून उचलला. "का? काय झालं?"

"तुमचं सकाळचं रक्त बघितलं. ती प्रथिनं एकदम वर गेलीयेत."

"म्हणजे मला काय झालंय?"

"अजून काहीच नाही," डॉक्टर म्हणाली.

मावशी माझ्याकडे बघून हसली. मग डॉक्टर हसत नाही हे पाहून थांबली. "अहो, मी ठणठणीत आहे. ताप नाही, खोकला नाही, भूक तर अशी लागलीये की ही चादर खाईन."

"तेच तर. मला पण तुमच्याकडे बघून विश्वास बसत नाहीये."

तिने तिथेच थर्मामीटर लावला. ताप नव्हता. नाकातून नमुना घेतला, तो तपासायला वर पाठवला. आम्ही तिघी त्या उबदार खोलीत वाट बघत बसलो. फोन आला. नमुन्यात कुठलाच विषाणू मिळाला नव्हता.

"बघा!" मावशी उठलीच. "चल गं, तुझे काका बूट घालून बसले असतील."

डॉक्टर दाराशी उभी राहिली. तिने अडवलं असं नाही, पण बाजूलाही झाली नाही. "मावशी, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. हे चुकू शकतं. मागे एका रखवालदाराला मी असंच घरी पाठवलं आणि त्याला काहीसुद्धा झालं नाही. तो मजेत झोपा काढून परत आला. आणि हे प्रथिन कुठला विषाणू ते सांगत नाही, कुणीतरी आलंय एवढंच सांगतं. पण तुमच्या इतक्या महिन्यांच्या रक्तात मी हे कधीच बघितलं नव्हतं. आज बघितलं. आणि तुमच्या घरी काका आहेत."

मावशी दारात तशीच उभी राहिली. ती काय आठवत होती ते मला कळलं. काकांच्या नाकातल्या त्या नळ्या मलाही दिसत होत्या.

"माझ्या अंगाला कळलंय म्हणता, आणि मला नाही?"

"तसंच दिसतंय."

मावशीने पर्समधून घराची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकली. "तू जा त्यांच्याकडे. मी तुझ्या खोलीवर राहते. आणि तू आजच आलीयेस माझ्याजवळ, तरी तोंड बांध आणि त्यांच्यापासून लांब बस. गोळ्या वेळेवर दे. आणि चिडतील, तर चिडू दे."

काका चिडले नाहीत. मी सगळं सांगितलं तेव्हा ते पॉलिश केलेल्या बुटांची नाडी हळूहळू सोडवत म्हणाले, "म्हणजे तिला ब्रेक लागला. माझ्याच्याने आजवर झालं नव्हतं."

पण आदल्या रात्रीपर्यंत दोघं एकाच खोलीत झोपलेले, एकाच टेबलावर जेवलेले. त्यामुळे डॉक्टर संध्याकाळी घरी आली, तोंडाला मास्क लावून काकांचंही रक्त घेऊन गेली. जाताना मला जिन्यात म्हणाली, "यांचं मला काही सांगता येत नाही. मावशींचं अंग ओरडून सांगतं. यांचं गोळ्यांनी झोपवलेलं आहे. ते उठेल का, आणि उठलं तरी त्याचा आवाज ऐकू येईल का, कोण जाणे."

त्या दिवशीचं काकांचं रक्त नेहमीसारखंच निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा घेतलं. या वेळी तिने काकांचे आधीच्या महिन्यांचे जपून ठेवलेले नमुने बाहेर काढले आणि सगळे शेजारी शेजारी तपासले. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नव्हता. यंत्राला दिसला. अगदी जरासा, पण आधीच्या एकाही नमुन्यात नव्हता इतका. तिला खात्री वाटेना, म्हणून तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेवढाच जरासा.

मावशीच्या नाकाचा नमुनाही त्या सकाळी परत घेतला होता. मावशीला तेव्हाही ताप नव्हता, घसा थोडा खवखवतोय एवढंच ती म्हणत होती, आणि त्याचाही दोष माझ्या खोलीतल्या हवेला देत होती. त्या नमुन्यात फ्लूचा विषाणू मिळाला. काकांच्या नाकात अजून काहीच नव्हतं. खिसेवाली डॉक्टर दोन्ही निकाल घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ते पाहिले आणि दुपारच्या जेवणाआधी काकांना फ्लूचं औषध सुरू झालं. तब्येतीची एकही तक्रार नसलेला माणूस औषध गिळताना मी पहिल्यांदाच बघितला. काकाही गोळी तळहातावर घेऊन तिच्याकडे बघत राहिले. "कुठे दुखतंय ते मला सांगा तरी," असं म्हणाले आणि पाण्याबरोबर घेऊन टाकली.

संध्याकाळी मावशी तापाने फणफणली. मी फोन केला तर तिचा आवाज ओळखू येईना. "अंग असं दुखतंय," ती म्हणाली, "की कुणीतरी मला उसवून पुन्हा शिवलंय, आणि तेही वाईट शिवलंय." मग एकदम म्हणाली, "अगं, काल दुपारी मी गात होते."

"हो, ऐकलं मी."

"काल दुपारी मी गात होते आणि हे आत होतं?"

तीच पुढे म्हणाली, "त्यांच्याशेजारी गाडीत बसले असते गं मी. काचा बंद करून."

काकांना दुसऱ्या दिवशी कणकण आली. किडनीचे डॉक्टर रोज येऊन छाती तपासत होते. ताप थोडा चढला, तसाच उतरला. छातीत काही झालं नाही. काका सूप प्यायले, टीव्ही बघितला, सोफ्यावरून ब्रेक दाबले. मागच्या वेळी हाच माणूस कसा पडला होता ते डोळ्यांपुढे असल्यामुळे त्यांनी 'सूप अळणी आहे' म्हणून कुरकुर केली तरी मला रडू येत होतं. मला स्वतःला काहीच झालं नाही, ते का हे कुणालाच सांगता आलं नाही. मावशी मात्र जवळजवळ आठवडाभर माझ्या खोलीत पडून होती. दारापाशी ठेवलेला डबा मी मागे सरकल्यावर आत घ्यायची आणि दाराआडून म्हणायची, "तुझ्या पडद्याची शिवण सुटलीये. बरी झाले की बघते." आजारपण हा रिकाम्या लोकांचा उद्योग आहे, हे वाक्य त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

दोघं बरी झाल्यावर आम्ही तळ्यावर गेलो. मी गाडी दोनदा बंद पाडली, काकांनी घरच्या गाडीत नसलेला ब्रेक पुष्कळदा दाबला आणि मावशी मागच्या सीटवर एकही सूचना न देता बसली. काकांनी आरसा जरासा वळवून तिच्याकडे बघितलं. "काय गं, बरी आहेस ना?"

"विचार करतेय," मावशी म्हणाली.

काय विचार करत होती ते पुढच्या आठवड्यात कळलं. दुपारच्या सुट्टीत ती मला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली आणि खिसेवाल्या डॉक्टरला म्हणाली, "मला ते बघायचंय."

"काय?"

"तुम्ही त्या दिवशी बघितलंत ते. माझं."

डॉक्टरने तिला आढेवेढे न घेता आत नेलं. जपून ठेवलेले नमुने बाहेर काढले. वाटाण्याएवढ्या खळग्यांच्या ओळी असलेली एक पारदर्शक प्लास्टिकची ताटली होती. त्या खळग्यांत मावशीच्या वेगवेगळ्या दिवसांच्या रक्तातलं पाणी थेंब थेंब टाकलं, मग एकामागून एक औषधं, मध्ये थांबायचं, धुवायचं, पुन्हा थांबायचं. मावशीने त्या दिवशी अर्धी रजा टाकली. शेवटचं औषध टाकताना डॉक्टर म्हणाली, "आता बघा. प्रथिन असेल तिथे निळं होईल. जितकं जास्त, तितकं गडद."

सुरुवातीला सगळं पाण्यासारखं होतं. मग एका खळग्यात निळं काहीतरी हललं. धूर पसरावा तसं ते पसरत गेलं. शेजारचे खळगे फिके, जेमतेम निळसर, आणि तो एकटाच गडद होत होत शाईसारखा झाला.

"हा त्या दिवशी सकाळचा," डॉक्टर म्हणाली.

मावशी वाकून बघत होती. तिने हात पाठीमागे बांधून घेतले होते, चुकून धक्का लागू नये म्हणून.

"हे माझ्यात कोण करतं?" तिने शेवटी विचारलं.

"पेशी. विषाणू एखाद्या पेशीत शिरतो आणि ती त्याच्या ताब्यात जायला लागते. तिला कळतं की आपण काही आता वाचत नाही. तेवढ्यात ती शेजारच्या पेशींना खबर पाठवते. मग त्या दारं लावून घेतात, हत्यारं बनवायला लागतात आणि आणखी पुढच्यांना कळवतात. ही निळाई म्हणजे ती खबर पसरल्याची खूण."

"मरता मरता कळवते?"

"पुष्कळदा, हो."

"आणि तिला कोण सांगतं, की कळव म्हणून?"

डॉक्टर काहीतरी अवघड सांगणार असं वाटलं, पण मग ती म्हणाली, "कुणीच नाही, मावशी. तिला ते येतं."

मावशीने मान हलवली. "आणि यांचं?" म्हणजे काकांचं.

डॉक्टरने दुसऱ्या ताटलीकडे बोट केलं. काकांचा नमुना इतका फिका होता की मला तर पाणीच वाटलं. "त्यांच्या अंगाला इतकी वर्षं आपण रोज दोन वेळा गोळ्या देऊन गप्प बसवलंय," ती म्हणाली. "तरीसुद्धा ते एवढं बोललं. मला खरंच वाटलं नव्हतं बोलेल असं. यंत्रावर तो आकडा बघितला ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, हात अजूनही पाठीमागेच होते.

"मांजरात असतं हे?" तिने एकदम विचारलं.

"असतं."

"माशात?"

"माशातही असतं. थोडं वेगळं, पण असतं."

प्रयोगशाळेच्या खिडकीतून खालचं आवार दिसत होतं. पाळी बदलायची वेळ होती. फाटकातून माणसं बाहेर पडत होती आणि तितकीच आत येत होती. नर्सेस, सफाईवाले, हातात फळांची पिशवी घेतलेला कुणाचा तरी भाऊ, चाकाच्या खुर्चीतली एक आजी, तिला ढकलत फोनवर भांडणारी तिची सून. मावशी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"या सगळ्यांच्यात?"

"सगळ्यांच्यात," डॉक्टर म्हणाली. "आत्ता या क्षणीसुद्धा कुणाकुणाच्यात चालू असेल. त्यातले बरेचजण जिंकतील आणि त्यांना कधी कळणारही नाही की काही झालं होतं."

मावशी बघतच राहिली. चाकाची खुर्ची फाटकाबाहेर गेली, सून अजून भांडतच होती. भिंतीवरचा फोन वाजला. तळघरातून होता, ऑपरेशनचे गाऊन अडकून पडले होते आणि रजा असली तरी मावशी येते का म्हणून विचारत होते. मी फोन हातात धरून तिच्याकडे बघितलं.

"येते म्हणावं," मावशी खिडकीवरची नजर न काढता म्हणाली. "जरा थांबा म्हणावं."